क्रूझ बंदरावर थोडाच वेळ थांबते तेव्हा गाडी घेता की ट्रेन? अनुभव लिहा

फुटाळा_काठ

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं आणि माझे आई-बाबा बार्सिलोनाहून सुटणाऱ्या क्रूझवर जाऊन राहिलो. थांबे आहेत विलफ्रांश (फ्रान्स), मग इटलीत लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स. जाहिरातीत फ्लोरेन्स, रोम असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण बोट काही रोमच्या दारात लागत नाही, रोम चिवितावेक्कियाच्या बंदरापासून साधारण ८० किलोमीटर आत आणि फ्लोरेन्स लिव्होर्नोपासून ९० च्या आसपास. म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जायचं, वर्धा बघायचं आणि परत यायचं, आणि परतायला उशीर झाला तर बोट निघून जाणार.

वेळेचा हिशोब मी असा लावून राहिले: कागदावर सकाळी ७ ते संध्याकाळी ७ असलं तरी उतरायची परवानगी मिळून बाहेर पडेपर्यंत पाऊण तास जातो, आणि सगळ्यांनी बोटीवर परत यायची वेळ सुटण्याच्या अर्धा तास ते एक तास आधी असते. बोटीच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, आपण आपल्या भरवशावर गेलो तर थांबत नाही. आता घरात दोन पक्ष पडलेत. नवरा समृद्धीवर गाडी चालवून आल्यापासून म्हणतो रेंटल कारच घेऊ, मला ट्रेन बरी वाटते, बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे चालणं कमी हवं आणि बोटीची टूर चौघांची खूप महाग पडते. ज्यांनी केलंय त्यांनी बंदराचं नाव, काय घेतलं आणि खरोखर किती वेळ हाती लागला ते लिहा नं प्लीज.

रामदासपेठ

ताई, चिवितावेक्कियाहून रोमला ट्रेनच, दुसरा विचारच करू नका. बंदराच्या आतून फ्री शटल बस असते, ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या जागी सोडते, तिथून स्टेशनला दुसरी बस किंवा पायी वीस मिनिटं. बाबांसाठी बसच घ्या. रीजनल ट्रेनला रिझर्व्हेशन नसतं, भाडं ठरलेलं, आज काढा की महिन्याआधी काढा तेच. फक्त कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये ते घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आणि महत्त्वाचं म्हणजे सगळे तेर्मिनीपर्यंत (रोमचं मुख्य स्टेशन) जातात, तिथे पोचायला सव्वा तास वगैरे लागतो. आम्ही त्याआधीच रोमा सान पिएत्रोला उतरलो, पाऊण-एक तासात, आणि स्टेशनबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सेंट पीटर्सचा चौक. तो घुमट समोर आला तेव्हा माझ्या सासूबाई रस्त्यातच थांबल्या, हात जोडले त्यांनी, म्हणाल्या देवाचं घर कुठलंही असो. तिथून मग टॅक्सीने कोलोसियम बाहेरून पाहिलं, ट्रेव्हीचं कारंजं पाहिलं, आणि येताना तेर्मिनीहून बसलो म्हणजे बसायला जागा मिळते, कारण गाडी तिथूनच सुटते.

वार बघून घ्या हं. रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि बुधवारी सकाळी पोपची सभा असली की चर्चमध्ये आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. परतीची गाडी अशी धरा की तिच्यानंतर अजून दोन गाड्या असतील, एक चुकली तरी पोट ढवळून निघणार नाही.

एमएच_३१

मी गाडीवाल्यांच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे ट्रेन ट्रेन म्हणतील.

लिव्होर्नोला आमची बोट लागली तेव्हा फ्लोरेन्सला जायचंच नाही हे आम्ही आधी ठरवलं होतं. मला टस्कनीचं गाव बघायचं होतं, सान जिमिन्यानो, ते मध्ययुगातले उंच दगडी बुरूज असलेलं. तिथे रेल्वे स्टेशनच नाही, जवळचं स्टेशन पोज्जिबोन्सी, तिथून परत बस, बोटीच्या वेळेत ते गणित बसतच नाही. गाडीने सव्वा ते दीड तास. वाटेत वोल्तेर्रालाही थांबलो, टेकडीवरचं गाव, खाली सगळी हिरवी-पिवळी शेतं. रस्त्यात जिथे वाटलं तिथे गाडी बाजूला घेऊन उभे राहिलो, हे ट्रेनमध्ये कुठून मिळणार.

पण तयारी लागते, वहिनी, दादांना हे वाचायला द्या. एक तर आपल्या आरटीओतून (शहराचं एक ऑफिस अमरावती रोडला आहे) इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, एक वर्ष चालतं, फी १००० रुपये, पासपोर्टची कॉपी लागते. इटलीत आपलं ओरिजिनल लायसन्स आणि हे परमिट दोन्ही जवळ हवं. तिकडे गाडी उजव्या बाजूने चालते, गोल चौकात उलटीकडून शिरायचं असतं, पहिला अर्धा तास बाजूला बसलेल्या माणसाने गप्पा न मारता नुसतं रस्त्याकडे लक्ष द्यावं. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच तसं सांगा, तिथे मॅन्युअल जास्त असतात. गावातली भाड्याची ऑफिसं पुष्कळदा दुपारी जेवायला बंद होतात, रविवारीही बंद, तेव्हा गाडी परत करायची वेळ ही तुमची खरी डेडलाइन, बोटीची नाही. आणि जुन्या शहरांत झेड-टी-एल म्हणून भाग असतात, परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी रेंटल कंपनीमार्फत घरी येते. फ्लोरेन्स, रोम, पिसा सगळीकडे आहे हे. म्हणून माझं मत, मोठ्या शहरात स्वतः गाडी न्यायची नाही, गावांसाठी न्यायची.

फुटाळा_काठ

एमएच_३१, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो उजव्या बाजूच्या गोल चौकापाशी गप्प झाला. पण आम्हाला फ्लोरेन्स किंवा पिसा बघायचंय, बाबांना झुकता मनोरा बघायचाय लहानपणापासून. त्याबद्दल सांगा नं कुणी?

तर्री_पोहे

पिसा एकदम सोपं आहे. लिव्होर्नो चेंत्राले स्टेशनहून पिसा चेंत्राले पंधरा-वीस मिनिटं. तिथे गाडी बदलून पिसा सान रोस्सोरे स्टेशनला उतरा, ते मनोऱ्याच्या जवळ आहे, पाच-दहा मिनिटं चालायचं, चेंत्रालेहून पायी गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं लागतील. काका-काकूंना घेऊन फक्त पिसा करा, आरामात दुपारच्या जेवणाला बोटीवर परत. फ्लोरेन्स ट्रेनने दीड तासाच्या आसपास, एका बाजूने. स्टेशन सान्ता मारिया नोव्हेल्ला अगदी शहराच्या मधोमध, तिथून दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, चालत. तरुण असाल तर दोन्ही होतं, वयस्कर माणसं सोबत असतील तर एकच निवडा असं मी कळकळीने सांगीन, धावपळीत कुठलंच नीट पाहून होत नाही.

महालची_सून

विलफ्रांश: बोट समुद्रात नांगर टाकते, छोट्या बोटीने किनाऱ्यावर आणतात, स्टेशन बीचच्या अगदी वरच आहे. नीस सात-आठ मिनिटं, मोनॅको पंधरा-वीस. गाडी घेऊच नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल. छोट्या बोटींना रांग असते, परतताना तिचाही वेळ धरा.

संत्रानगरी

सगळ्यांनी ट्रेन चांगली सांगितली ते खरंच आहे, पण एक गोष्ट इथे आलीच पाहिजे, ती म्हणजे इटलीतला रेल्वेचा संप. शोपेरो म्हणतात. तो आधी जाहीर होतो, इंटरनेटवर तारखा मिळतात, पण आपण नागपुरात बसून ते कुठे बघतो. आम्ही चिवितावेक्कियाच्या स्टेशनवर पोचलो तर बोर्डवर अर्ध्या गाड्यांपुढे रद्द. संपाच्या दिवशीसुद्धा कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक रीजनल गाड्या चालवतात, पण आपली बोट तर नेमकी त्या मधल्या वेळात आपल्याला सोडते आणि संध्याकाळच्या गाड्या सुरू होईपर्यंत निघायची घाई.

सुरतचं एक कुटुंब तिथेच उभं होतं, आम्ही चार ते चार, तिथल्या तिथे आठ जणांची व्हॅन ठरवली, ड्रायव्हरसकट, दिवसभरासाठी. डोकी विभागल्यावर बोटीच्या टूरपेक्षा बरंच कमी पडलं. ड्रायव्हर लोकल असल्याने त्याला कुठे शिरता येतं कुठे नाही ते माहीत, परवानगी असलेली गाडी, आणि परत आणून सोडायची जबाबदारी त्याची. त्या काकूंनी खाकरे काढले, आमच्याकडे संत्रा बर्फी होती (बंद पाकीट, बोटीवरून उतरताना फळं, शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत बऱ्याच ठिकाणी), असा तो दिवस. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर बोटीवरच दुसरं कुटुंब शोधा आणि ड्रायव्हरची व्हॅन घ्या, ना स्वतः चालवायचं ना ट्रेन पकडायची.

अजनीवाला

मी रेल्वेत होतो, लोको पायलट, अजनी शेड. मुलीने नॉर्वेची क्रूझ घडवली, त्यात फ्लॉम नावाचं बंदर. सांगायला आनंद होतो की तिथे गाडी की ट्रेन हा प्रश्नच नाही, बोट लागते तिथेच स्टेशन. फ्लॉमबाना ही फक्त २० किलोमीटरची लाईन, समुद्राच्या पातळीवरून निघते आणि मिर्डालला ८६६ मीटरवर नेते, साधारण एका तासात, २० बोगदे. चढ आहे १८ ला १, म्हणजे १८ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपल्या कसारा घाटात ३७ ला १ आहे आणि तिथे आपण मागून बँकर इंजिनं लावतो, आयुष्यभर तो घाट आमच्या लोकांनी मानाने सांगितलाय. इथे त्याच्या दुप्पट चढ आणि मधला दातेरी रूळ नाही, साध्या रुळावर चाकाच्या पकडीने गाडी चढते. १९४० ला गाडी सुरू झाली. क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबवतात, सगळे उतरतात, पाण्याचे तुषार अंगावर येतात. मी मात्र इंजिनकडे गेलो, पाहून आलो.

तिकीट नागपुरातूनच ऑनलाइन काढा, बोटी लागल्या की गर्दी होते आणि गाड्या भरतात. वर जाऊन परत यायला सव्वादोन तास धरा. उरलेल्या वेळात बसने ऑरलँडच्या वरच्या स्टेगास्टाइन सज्ज्यावर जा, फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) ६५० मीटर वर. रस्ता अरुंद आहे, स्वतः चालवू नये.

मुंबईहून सुटणाऱ्या बोटीसाठी नागपूरहून एक दिवस आधी निघा, विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि बॅलार्ड पिअर तिथून अगदी जवळ.

वर्धा_रोड

काका, वाचून मन भरलं. मी मुंबईहूनच्या बोटीवर गोवा केलंय त्याचं लिहितो. मोरमुगाव बंदराजवळ वास्को स्टेशन आहे म्हणून वाटतं ट्रेनने जुन्या गोव्याला जाऊ, कारण करमाळी स्टेशन तिथून जवळच. पण वास्कोहून करमाळीला जायला आधी मडगावकडे जाऊन गाडी बदलावी लागते, उलटा फेरा. टॅक्सीने झुआरीचा पूल ओलांडून सरळ जाता येतं. गोव्यात टॅक्सीच. स्वतः चालवायला गाडी घेतली तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे.

सिंगापूरला मात्र उलट, मरिना बे क्रूझ सेंटरच्या जवळ मरिना साउथ पिअर एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशन आहे, लेकरं घेऊनही त्रास होत नाही. त्याच बोटीने मलेशियातल्या पोर्ट क्लांगला गेलो तर तिथलं टर्मिनल बेटावर आहे, कोम्युटर ट्रेनचं स्टेशन बाजूला नाही, म्हणून अ‍ॅपवरून गाडी करून बटू केव्ह्ज, तासाच्या वर लागलं. २७२ पायऱ्या आहेत तिथे, वेळ धरा.

सिव्हिल_लाईन्स

नेपल्सचं राहिलं. बोट शहरातच लागते. पॉम्पेईसाठी (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल, पोर्ता नोलाना किंवा गारिबाल्दी स्टेशनहून सोरेंतोकडे जाणारी, उतरायचं पॉम्पेई स्कावी - व्हिला देई मिस्तेरीला, पस्तीस-चाळीस मिनिटं. पोर्ता मरिना हे प्रवेशद्वार स्टेशनच्या समोरच. बंदराहून गारिबाल्दीपर्यंत टॅक्सी करा. लोकलमध्ये गर्दी फार असते, उभं राहावं लागेल, पाकीट पुढच्या खिशात. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्टप्रमाणे नाव टाकून आधी काढा.

अमाल्फीच्या वाटेला जायचा मोह होईल, तिथे रेल्वे नाही, एकच अरुंद किनारी रस्ता, ट्रॅफिक अडकला की बोट गेली. थोड्या वेळाच्या थांब्यात मी तो करणार नाही. आणि बाबांचे गुडघे दुखतात म्हणता तर पॉम्पेईत दगडी रस्ते उंचसखल आहेत, काठी आणि चांगले बूट न्या, आत पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घेता येते. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो, त्यावर त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून चौघांनीही जवळ ठेवा, उशीर झालाच तर पहिला फोन त्यालाच.

(नेपल्सला पिझ्झा खायचा असेल तर पॉम्पेईहून परत आल्यावर, बंदराजवळ. बोट समोर दिसत असताना जेवण जास्त चांगलं जातं.)