भुजंगप्रयात : गण पाडताना पहिलाच चरण अडतो

प्रश्न : मनाच्या श्लोकांतला पहिला श्लोक घेतलाय. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ यात तिसरा गण (तीन अक्षरांचा गट) ‘श स र्वां’ म्हणजे ल‑ल‑गा येतो (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर), तो तर स गण झाला. भुजंगप्रयात वृत्तात चारही य गण (ल‑गा‑गा) हवेत ना? शिवाय चौथ्या चरणात (‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’) ‘अनंत’ऐवजी ‘आनंत’ का?

प्रतिसाद १ : ‘सर्वां’मधला ‘स’ लघु धरलात, तिथेच गाडी अडली. पुढे जोडाक्षर आहे, ‘र्’चा आघात मागे येतो, म्हणून ‘स’ गुरू. आता पाहा : गणाधी | शजोई | शसर्वां | गुणांचा. चारही ल‑गा‑गा, अक्षरं १२, मात्रा २० (लघुची १, गुरूच्या २). गण शब्दांच्या मधूनच तुटतात, शब्दाशब्दाने पाडू नका. दुसऱ्या चरणातल्या ‘निर्गुणाचा’मध्येही ‘नि’ गुरू, ‘र्गु’ मात्र लघुच.

प्रतिसाद २ : पण हा नियम डोळे मिटून लावू नये. ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ यांत मागच्या अक्षरावर आघात येत नाही, तिथे ‘तु’ आणि ‘स’ लघुच राहतात. मोठ्याने म्हणून पाहणं हीच खरी कसोटी.

‘आनंत’चं उत्तर गणांतच आहे : गमूंपं | थआनं | तयारा | घवाचा. दुसऱ्या गणात मधलं अक्षर गुरू हवं; ‘अनंत’ ठेवलं तर ‘थअनं’ असा स गण होतो. वृत्तासाठी ऱ्हस्वाचं दीर्घ करण्याची सूट कवींना असते. समर्थ रामदासांनी ती इथे किती सहज घेतलीय!

प्रतिसाद ३ : यमकही तपासा. गुणांचा, निर्गुणाचा, वाचा, राघवाचा : चारही चरणांना एकच ‘‑आचा’, पहिल्यात फक्त अनुस्वार जास्त.