पायथॉनमध्ये वेब ॲप करायचंय, फ्लास्कच ठेवू का जँगोकडे वळू? (दोन्ही पायथॉनची वेब फ्रेमवर्क्स, म्हणजे वेब ॲपचे तयार सांगाडे)

नवशिक्या: पायथॉन बऱ्यापैकी येतं पण वेबचं काहीच केलेलं नाही. पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी ठेवणारं छोटं ॲप हवंय, चार-पाच जण डेटा भरणार, प्रत्येकाला लॉगिन. फ्लास्कमध्ये दहा ओळीत पान दिसलं म्हणून जाम खूष झालो, मग लॉगिनला एक एक्स्टेंशन, फॉर्मला दुसरं, डेटाबेसला तिसरं असं करत करत आता तीन दिवस सर्क्युलर इम्पोर्टच्या (दोन फायली एकमेकींनाच इम्पोर्ट करतात त्या) एररवर अडकलोय. जँगो उघडून बघितलं तर एवढ्या फायली की डोकंच गरगरलं. काय करू?

जुनाखोड: जँगो घे, विषय संपला. ते बनलंच एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डमध्ये, 2005 ला ओपन सोर्स झालं. तिथे मजकूर भरणारे वेगळे आणि कोड लिहिणारे वेगळे, म्हणून तर ॲडमिन, म्हणजे डेटा भरायची-बघायची तयार पानं, आयता मिळतो. तुझंही तेच काम आहे की. मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन करणारा क्लास) लिही, ॲडमिनच्या फायलीत एका ओळीत रजिस्टर कर, यादी आणि फॉर्म तयार. फक्त एक कर, पहिलं मायग्रेट (मॉडेलप्रमाणे डेटाबेसमध्ये तक्ते बनवणारी कमांड) मारायच्या *आधी* स्वतःचं युजर मॉडेल बनवून सेटिंग्जमध्ये त्याचं नाव दे, रिकामं असलं तरी चालेल. मी आळस केला होता, नंतर लॉगिन ईमेलवर न्यायचं ठरलं तेव्हा सगळी मायग्रेशन्स उपसत बसलो.

बाटलीवाला: सर्क्युलर इम्पोर्टचं खापर फ्लास्कवर फोडू नका राव. ॲपची फाईल मॉडेल्स मागते आणि मॉडेल्सची फाईल ॲपकडून डीबी (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) मागते, मग दुसरं काय होणार? डीबी वेगळ्या फायलीत काढ, ॲप एका फंक्शनच्या आत बनव आणि तिथेच डीबी जोड, पाच मिनिटांचं काम. 2010 ला एप्रिल फूलच्या थट्टेतून निघालेलं फ्रेमवर्क आहे हे, पण आतलं सगळं समजतं तरी. बाकी लॉगिनवालं ॲप म्हणशील तर जुनाखोडशी सहमत, नाईलाजाने.

वेगवान: फास्टएपीआय फ्रेमवर्क घे असं कोणी कसं म्हणत नाही??

जुनाखोड: कारण त्याला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देणारी सोय) नकोय, पानं हवीयत. आणि नवीन माणूस सगळीकडे असिंक डेफ (थांबावं लागलं की दुसऱ्या कामाला वाट देणारं फंक्शन) लिहितो, आत उत्तर येईपर्यंत वाट अडवणारी साधी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरतो, मग एक कॉल अडकला की ही सगळी कामं आळीपाळीने चालवणारा अख्खा इव्हेंट लूप ठप्प. साधं डेफ लिहिलं तर फास्टएपीआय ते निदान थ्रेडपूलमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर, तरी चालवतं.

नवशिक्या: जँगो घेतलं, युजर मॉडेल आधी केलं 🙏 ॲडमिन बघून थक्क झालो. पण मी स्वतः लिहिलेलं यादीचं पान रडतंय, डीबग टूलबार (पानामागे काय चाललंय ते दाखवणारी पट्टी) लावला तर 200 नोंदींना डेटाबेसकडे 201 क्वेरी??

बाटलीवाला: टेम्प्लेटमध्ये प्रत्येक नोंदीसमोर पुस्तकाचं नाव छापतोयस ना, दरवेळी ते डेटाबेसकडे धावतं. व्ह्यूमधल्या (पानाचा डेटा गोळा करणाऱ्या फंक्शनमधल्या) क्वेरीला सिलेक्ट रिलेटेड लाव, म्हणजे पुस्तकंही त्याच क्वेरीत येतील.

नवशिक्या: 1 क्वेरी 😳