अंथरूण मोठं झालं, तरी पाय आखडूनच झोपायचं का?

वाकडचा_वाटसरू

गेल्या रविवारी बायको आणि मी एक्सेल उघडून बसलो. निमित्त झालं बाबांच्या मोतीबिंदूचं. लेन्ससकट ६८ हजार, आणि ते मला कार्डावर टाकावे लागले. आम्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार २ लाख ४० हजार. तारीख होती २४, खात्यात नऊ हजार काहीतरी. बाबा म्हणाले, "पोस्टातली एफडी मोडू का?" एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस मला विचारतोय. जेवण गेलं नाही त्या रात्री.

२०१६ साली आम्ही कर्वेनगरात १४ हजार भाड्यानं वन बीएचकेत राहत होतो. दोघांचे मिळून ९० हजार यायचे. त्यातून दर महिन्याला ३० हजार बाजूला पडायचे, आरडी आणि एसआयपी मिळून. आज पडतात २२ हजार.

उधळपट्टी म्हणावी असं एक्सेलमध्ये काही सापडेना, हाच वैताग आहे. फ्लॅटचा हप्ता ७२,७००. गाडीचा १९,५००. मुलीची शाळा, बस आणि क्लास धरून महिना २७ हजार. स्वयंपाकाच्या ताई आणि धुणीभांडी मिळून ११ हजार. बाहेरचं खाणं आणि ते दहा मिनिटांत आणून देणारे, १७ हजार. प्रत्येक ओळीला कारण आहे. फ्लॅट घेतला म्हणून जुना दिवाण बरा दिसेना, दिवाण गेला म्हणून सोफा आला, सोफा आला म्हणून टीव्ही छोटा वाटायला लागला.

परवाचंच सांगतो. रात्री साडेआठला कढीला कोथिंबीर नव्हती. फोनवरून मागवली. जुडी १८ रुपयांची, पण तेवढ्यासाठी डिलिव्हरीचे पैसे कोण देणार, म्हणून वर चिप्स आणि ब्लूबेरीचा डबा. बिल २१२. आमच्या फाटकाबाहेर भाजीवाल्या मावशी नऊपर्यंत बसतात. ब्लूबेरी अजून फ्रीजमध्येच आहेत.

माझी आई खर्चाची वही ठेवायची. "रॉकेल", "चपलेचा अंगठा २ रु.", "पाहुणे, दूध जास्त". एका पगारात साताऱ्याला दोन खोल्या बांधल्या त्यांनी. माझं मत झालंय की आपण मध्यमवर्गीय राहिलेलो नाही, श्रीमंतांसारखं राहणारे कर्जदार झालोय. पगारवाढ झाली की तिचा अर्धा भाग हातात यायच्या आधीच कापून बाजूला गेला पाहिजे. पटतंय का?

चाळिशीतली_बाई

नाही पटत. तुमच्या आईंच्या वहीत रॉकेल आहे, अंगठा आहे. सकाळी पाचला उठून भरलेलं पाणी आहे का? निवडलेले तांदूळ, घरी केलेले पापड, धुतलेल्या चादरी, यांचे किती लावले होते? त्यांचा सगळा वेळ शून्य रुपयांनी लिहिला, म्हणून तो संसार "एका पगारात" झाला.

तुमच्या घरात दोन पगार येतात म्हणजे दोन माणसं सकाळी नऊला बाहेर पडतात. ११ हजारांच्या ताई ही चैन नाही, तुमच्या बायकोचा पगार घरी येण्यासाठीचा खर्च आहे तो. तो कापायचा ठरला तर कपात कोणाच्या अंगावर पडेल, हे मला सांगू नका. मी आयटीत १७ वर्षं काढली आहेत. आमच्याकडे "काटकसर" सुरू झाली की पहिला बळी पोळ्यांच्या बाईंचा जातो आणि नवऱ्याच्या गाडीचा शेवटपर्यंत जात नाही.

पेठेतला_हिशोबनीस

बँकेत ३४ वर्षं कर्ज खात्यावर बसलो, त्यामुळे भावना बाजूला ठेवून आकडे बघतो.

महागाई सरासरी ५ टक्के धरली तर २०१६ चे ३० हजार म्हणजे आजचे साधारण साडेशेहेचाळीस हजार. आता हप्ता बघू. कर्ज किती, कधीचं?

वाकडचा_वाटसरू

८० लाख, २०२१ च्या मध्यात, २० वर्षांसाठी, ६.७ टक्क्यांनी. तेव्हा हप्ता ६०,६०० होता.

पेठेतला_हिशोबनीस

वाटलंच. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवर होता तेव्हाचं कर्ज. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला. तुमचा दर ९ च्या पुढे गेला असणार आणि मुदत तेवढीच ठेवायची म्हणून हप्ता ७२ वर. ज्यांनी हप्ता तोच ठेवला, त्यांचं काही महिने जवळजवळ सगळंच व्याजात गेलं, मुद्दल हललंच नाही. लोक "घर घेतलं तेव्हा हप्ता झेपत होता" म्हणतात, पण झेपणं मोजलं होतं सर्वांत स्वस्त दरावर.

२०२५ मध्ये रेपो उतरला. हप्ता तुम्ही कमी करून घेतलेला दिसत नाही, ते उत्तम केलंत. माझ्या अंदाजानं आज ७२,७०० पैकी पंचवीसेक हजार मुद्दलात जातात. ती बचतच. २२ अधिक २५, सत्तेचाळीस. म्हणजे आजच्या पैशात तुम्ही २०१६ इतकीच बचत करताय.

चाळिशीतली_बाई

मग झालं तर! माणूस उगाच जेवण सोडून बसला.

पेठेतला_हिशोबनीस

झालं नाही, बाई. २०१६ चे ९० हजार म्हणजे आजचे १ लाख ४० हजार. यांना २ लाख ४० मिळतात. महागाई वजा करूनसुद्धा महिन्याला एक लाख जास्त कमावतात, आणि त्या लाखातला एक रुपया शिल्लक पडत नाही. आणि फ्लॅटमधलं मुद्दल मोतीबिंदूच्या वेळी कामाला येत नाही. बाथरूमच्या टाइल्स विकून लेन्स बसवता येत नाही.

टपरी_नंबर_सात

त्या ब्लूबेरी फेकू नका. शिक्रण करा.

सव्वीस_चालू

काका लोक ब्लूबेरी मोजतायत आणि हत्ती दिवाणखान्यात बसलाय. घर! वाकडला टू बीएचके आजही ३०-३५ हजारांत भाड्यानं मिळतो. त्यासाठी ७२ हजार हप्ता, वर मेंटेनन्स, आणि घेताना स्टँप ड्यूटी दिलीच असेल. भाड्यानं राहिला असतात तर फरकाचे ३५ हजार महिन्याला गुंतवले असते. पण मराठी माणसाला लग्नाआधी विचारतात "स्वतःचं घर आहे का", म्हणून सगळे वीस वर्षांसाठी जुंपून घेतात. मी नाही घेणार. माझ्या पगारात मी ट्रेक करतो, चांगला कॅमेरा घेतलाय. पगार वाढला की राहणी फुगते, त्याला लाइफस्टाइल क्रीप म्हणतात, तसलं काही मला कोणी म्हणू नये.

चाळिशीतली_बाई

मूल झालं आणि घरमालकानं अकराव्या महिन्यात "मुलगा परत येतोय अमेरिकेहून" म्हटलं की भेटू. शाळा एका टोकाला आणि नवीन घर दुसऱ्या टोकाला. मी तीनदा केलंय ते.

बेंचवरचा

इतका वेळ वाचत होतो. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून कंपनीनं लॅपटॉप काढून घेतला. पुढची नोकरी सात महिन्यांनी लागली, ३० टक्के कमी पगारावर.

त्या सात महिन्यांत मला जे कळलं ते एक्सेलमध्ये दिसत नाही. हॉटेल, कपडे, ऑनलाइन मागवणं, सगळं एका संध्याकाळी बंद झालं. काहीही वाटलं नाही. ताईंना मात्र आम्ही ठेवलं, कारण बायकोची नोकरी चालू होती आणि घर तिच्यावर चाललं होतं. बाई म्हणतात ते शंभर टक्के खरं.

पण शाळा? टर्मची फी भरलेली, मधेच काढता येत नाही, आणि मुलाला सांगायचं काय? गाडी विकायला काढली तर १३ लाखांच्या गाडीचे दोन वर्षांत साडेआठ सांगायला लागले. घेताना एकट्या रोड टॅक्सचेच १२ टक्क्यांनी दीड लाख गेले होते, ते तर कोणी मोजतच नाही. कर्ज नऊ लाख बाकी. म्हणजे गाडी देऊन वर पन्नास हजार मी द्यायचे.

तेव्हापासून मी खर्च लहान की मोठा हे बघत नाही. हा उद्या बंद करायचा म्हटला तर किती दिवस लागतील, एवढं बघतो. कोथिंबीर शून्य दिवस. शाळा एक वर्ष. सोसायटी बदलायची तर देव जाणे. सव्वीसचा कॅमेरा मला चालतो. त्यानं तो हप्त्यानं घेतला असेल तर नाही चालत.

सव्वीस_चालू

...नऊ महिने नो कॉस्ट ईएमआय. पाच राहिलेत.

टपरी_नंबर_सात

😂

लाल_कांदा

आम्ही निफाड तालुक्यातले. तुमचं उत्पन्न ठरलेलं आणि खर्च वाढता. आमचा खर्च ठरलेला आणि उत्पन्नाचा पत्ता नाही. पण हसू नका, हा रोग आमच्याकडंबी आहे. एका चांगल्या हंगामात भावानं ट्रॅक्टर काढला, जुना चालत असताना. शेजाऱ्यानं काढला होता ना. मग डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, लासलगावला भाव झोपला. हप्ता काही झोपला नाही. वडील म्हणायचे, एका सालाचा पैसा तीन सालांचा समजायचा. भाऊ म्हणतो, तुमच्या काळात दाखवायला होतंच काय.

वाकडचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार. हिशोबनीस काका, तो "एक लाख" डोक्यातून जात नाहीये. बेंचवरच्यांची कसोटी काल रात्री आमच्या एक्सेलला लावली. प्रत्येक ओळीपुढे "बंद करायला किती दिवस" असा रकाना. २ लाख ४० पैकी सव्वा लाखाहून जास्त असे निघाले जे वर्षाच्या आत हलवता येत नाहीत. बायकोनं तेव्हाच विचारलं की गाडी घेताना हा रकाना कोणी का नाही काढला. गाडी माझा हट्ट होती, कबूल.

पण बाई, तुमचा मुद्दा पटला तरी एक खटकतं. आम्ही वेळ विकत घेतो म्हणता. घेतलेला वेळ गेला कुठे? ताई पोळ्या करतात त्या तासात मी लॅपटॉपवर असतो, जास्त पगारासाठी, ज्यातून ताईंचे पैसे जातात.

चाळिशीतली_बाई

तुमचा वेळ कुठे गेला मला माहीत नाही. माझा मुलाच्या गणितात आणि सासूबाईंच्या फिजिओथेरपीत गेला. आणि हो, रोज वीस मिनिटं मी नुसती बाल्कनीत बसते. त्या वीस मिनिटांचा हिशोब मी कोणालाही देणार नाही.

पेठेतला_हिशोबनीस

वाटसरू, आईंची ती वही अजून आहे का? एकदा नीट बघा. एसटी कंडक्टरच्या त्या काळच्या पगारात दोन खोल्या... मी असली कर्जं मंजूर केली आहेत. आकडा बसत नाही.

वाकडचा_वाटसरू

काका, आत्ता फोन ठेवला.

आईला विचारलं. ती आधी हसली. म्हणाली, "ती वही तुझ्या बाबांना दाखवायला होती रे." दुपारी आम्ही शाळेत असताना ती साड्यांना फॉल-पिको करायची आणि ब्लाउज शिवायची. अठरा वर्षं. भिशी लावली होती शेजारच्या काकूंच्या नावावर. दुसऱ्या खोलीचा स्लॅब त्यातून पडला. बाबांना सांगितलं होतं की माहेरून आले.

मागून बाबांचा आवाज आला, "मला माहीत होतं."

चाळिशीतली_बाई

काकूंना इथे आयडी काढून द्या. आजच.