विमान जमिनीवर उभं असतानाच इतकं का तापतं?

विमान कंपन्या पैसे वाचवायला एसी मुद्दाम बंद ठेवतात, असं काही जण म्हणतात. काही वेळा ते खरंही असतं, पण कारण तेवढंच नाही. उडताना बहुतेक विमानांत केबिनला हवा मुख्य इंजिनांकडून मिळते. जमिनीवर ती बंद, म्हणून शेपटातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, हे काम करतं. ते नादुरुस्त असलं किंवा इंधनासाठी बंद ठेवलं, तर बाहेरून थंड हवेचा जाड पाइप जोडावा लागतो. तोही नसला की संपलंच. शिवाय बहुतेक विमानांत मुख्य इंजिन सुरू करायलाही तीच दाबाची हवा लागते, त्यामुळे एसी थोडा वेळ थांबतोच.

त्यात आत बसलेलो आपण! शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. १८० प्रवासी म्हणजे १८ किलोवॅट. त्यात गोव्यासारख्या ठिकाणची दमट हवा, घाम वाळतच नाही.

गेल्या मे महिन्यात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर आम्ही पाऊण तास असे बसलो होतो. आई सूचनांच्या कार्डाने वारा घेत होती, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. मग एसी सुरू झाला आणि वरच्या फटींतून पांढरे लोट आले. मागच्या काकी "धूर, धूर" म्हणून ओरडल्या. ते धुकं होतं. दमट हवा एकदम थंड झाली की होतं तसं.

विमान उभं असेपर्यंत खिडक्यांच्या झडपा खाली ओढा, खरंच फरक पडतो. सोबत म्हातारी माणसं असतील तर पाणी मागा, आणि कुणाला गरगरलं तर लगेच क्रूला सांगा. संकोच करू नका.