४० किलोच्या लॅब्रॅडॉरला ऑटोइम्यून ॲनिमिया: स्टेरॉइड कमी पडतंय का?

प्रश्न: या आजारात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतं. पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) १६ टक्के. किलोमागे २ मिलिग्रॅम धरलं तर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ८० होतं, डॉक्टरांनी ६० च दिलंय. पुरेल का?

उत्तर: पुरेल. २५ किलोच्या वरच्या कुत्र्यांना डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, चौरस मीटरला ५० ते ६० मिलिग्रॅम. ४० किलोला साधारण १.१८ चौरस मीटर, म्हणजे ६० ते ७०. वजनावरून दिलं तर मोठ्या कुत्र्याचे स्नायू झडतात, मागचे पाय लटपटतात.

उत्तर: गोचिडांच्या आजारांची तपासणी झाली का? बबेसिया या गोचिडातून येणाऱ्या परजीवीमुळेही तांबड्या पेशी फुटतात. तो राहून गेला तर नुसत्या स्टेरॉइडने भागत नाही. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलबद्दलही विचाराच. यात जीव जातो तो अनेकदा फुप्फुसात गुठळी अडकून. एकाएकी धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका.

उत्तर: रोज उजेडात हिरडी बघा. पांढरी किंवा पिवळसर दिसली, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच दवाखाना. पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे टिकला की मगच डोस पाव हिश्शाने उतरवतात, पुढे दर तीन आठवड्यांनी. कुत्रं खेळायला लागलं म्हणून गोळी थांबवू नका, आजार उलटतो. सोबत मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) अजिबात नको, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो.