काजव्यांचा हंगाम आणि भाताची आवणी: भंडारदऱ्याकडच्या गावांचं पर्यटनाने काय होतंय?

घाटमाथा:
घाटघर, रतनवाडी, साम्रद ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली महादेव कोळ्यांची गावं. मे अखेरीस काजवे येतात आणि शेंडी गावाच्या पुढे रात्रभर गाड्यांची रांग लागते. गावात पैसा आला, हे मान्यच. माझा आक्षेप वेळेला आहे. पहिल्या पावसाला राबात, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात, भात पेरायचा, जुलैत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची, असं इथलं वर्ष चालतं. काजवे पेरणीच्या तोंडावर येतात आणि धबधब्यांची गर्दी ऐन आवणीत. तरणी पोरं वाट दाखवण्यात नि बायका जेवणावळीत गुंतल्या की सावड मोडते. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, हे रोजंदारीवर गेलं की बांधावरचं एकत्र जेवण जातं, आवणीची गाणी जातात, भावकीतले अबोले मिटायची जागाही जाते. आदिवासी नाच जपायला सगळे पुढे येतात, सावडीबद्दल कुणी बोलत नाही.

प्रवरेची_लेक:
दादा, मी याच भागातली. सावड खिळखिळी झाली ती पर्यटक यायच्या आधी. भात झोडून झाला की घरंच्या घरं नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहायची, पोरांची शाळा बुडायची. आता आमच्याकडे पाहुणे उतरतात. आई नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी थापते, जेवून उठलेले लोक काळभात हा इथला देशी तांदूळ विकत मागतात. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण वाणाला गिऱ्हाईक असेल तरच आमच्यासारखे ते पेरत राहतील. माणसंच गावात नसतील तर आवणीची गाणी म्हणणार कोण?

काजवावेडा:
काजवे चमकतात ते जोडीदाराला खुणावायला. त्यावर हेडलाइट आणि फ्लॅश मारले की ती खूण पोचत नाही. झाडाखाली तुडवातुडवी होते ती वेगळीच. मला तरी रात्रीच्या गाड्यांवर सरसकट बंदी हवी.

रानवाट:
ताई, तुमच्या घरी उतरणारे पाहुणे वेगळे आणि धरणाकाठचे तंबू वेगळे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, भाडेपट्ट्यालाही परवानगी लागते. तरी नाव गावातल्याचं आणि धंदा बाहेरच्याचा, असं चालतं. तिथे गावचा पोरगा तंबू ठोकतो, भांडी घासतो आणि रात्री स्पीकरवर त्याच्याच सणाचं गाणं पाहुण्यांसाठी वाजवतो. त्याला मी संस्कृती टिकणं म्हणणार नाही.

घाटमाथा:
रानवाट यांच्याशी सहमत. अकोले तालुक्यातला हा पट्टा पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतो. ग्रामसभेने ठराव करावा: आवणीचे दोन आठवडे गावात मुक्काम बंद, आणि तंबूवाला गावचाच हवा.

प्रवरेची_लेक:
तंबूचं पटलं, त्या ठरावाला मी हात वर करीन. मुक्काम बंद करायला मात्र माझा विरोध राहील. ज्याच्याकडे खाचरं आहेत त्याला दोन आठवडे सुट्टी परवडेल. आमच्या वाडीत अर्ध्या घरांकडे वरकस उताराचा तुकडा आहे, तिथे वरई नि नागलीच पिकते. पावसाळ्यातले शनिवार-रविवार हीच त्यांची कमाई. ती बुडाली तर भरून कोण देणार, हेही त्याच ठरावात लिहा, मग बोलू.