शाळेतली खिचडी: खाल्लेली, रांधलेली, वाढलेली. अनुभव लिहा

शाळेतल्या जेवणामुळे कुणाची शाळा टिकली असेल, तर इथे लिहा. योजनेला नावं ठेवायलाही हरकत नाही, पण स्वतः पाहिलेलं हवं.

सुरुवात मी करते. १९९५ला योजना आली तेव्हा आम्हाला कोरडा तांदूळ मिळायचा. महिन्याला ३ किलो, तोही हजेरी ८० टक्के भरली तर. अंगात ताप असला तरी आई म्हणायची, "हजेरीपुरती बसून ये." पण पिशवी घरात आली की तांदूळ सगळ्या घराचा. २००१च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं. त्याचा फायदा माझ्या धाकट्या बहिणीला झाला. तिच्या ताटातलं तिच्याच पोटात गेलं.

निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा
आमच्याकडे दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला. एका तिसरीतल्या पोरीला आजीने ठेवून घेतलं, ते दुपारच्या जेवणाची सोय शाळेत होती म्हणूनच. म्हातारीला दोन वेळा चूल पेटवणं होत नव्हतं. नाहीतर पोर फडात धाकट्याला सांभाळत बसली असती. ती डब्यात थोडी खिचडी घरीही न्यायची. नियमात बसत नव्हतं. वाढणाऱ्या मावशी डबा दाबून भरायच्या आणि मी फळा पुसायला वळायचे. सोमवारी पातेलं लवकर रिकामं व्हायचं. रविवार कसा गेला ते विचारावं लागत नसे.

मावशींचा मुलगा
अशाच एका शाळेत माझी आई रांधते. मानधन आता कुठे २५०० झालंय, तेही वर्षातले १० महिने. भाजीपाल्याचे पैसे उशिरा आले की दुकानात उधारी तिच्याच नावावर. तिच्या हातची खिचडी खाऊन पोरं शिकली याचं कौतुक सगळे करतात. मानधनाचं कुणी काढत नाही.

पुण्याहून
स्पष्ट बोलतो, पोरं खायला येतात, शिकायला नाही.

निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा
येऊ देत की! आलेल्याला शिकवता येतं. न आलेल्याला कसं शिकवू, सांगा.

नांदेडकर
आठवीपर्यंत ताट होतं. नववीत गेलो आणि बंद. भूक काही आठवीत पास होऊन थांबत नाही. मधल्या सुट्टीत नळाचं पाणी पिऊन बसायचो, पुढचा तास गणिताचा. माझ्या बाकावरचा मित्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला तो परत आलाच नाही. जेवण दहावीपर्यंत न्या, एवढंच माझं मागणं आहे.

नवीन सभासद
नांदेडकरांना अनुमोदन. आणि मटकीची उसळ कायम कच्ची असायची, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तरी दोनदा घ्यायचो.